थायरॉइडचं ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी: कुणाला जमतं आणि पहिली रात्र कशी काढायची

"रात्री घरी झोपता येईल ना?" थायरॉइडच्या ऑपरेशनची तारीख ठरताना हा प्रश्न बहुतेक घरांतून येतो, आणि तो रास्त आहे. हॉस्पिटलातल्या रात्रीचा खर्च असतो, घरी म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतात, शिवाय परक्या कॉटवर झोप लागत नाही. अर्धी थायरॉइड काढायची असेल आणि पेशंट बाकी धडधाकट असेल, तर सकाळी ॲडमिट होऊन संध्याकाळी घरी जाणं जगात बऱ्याच ठिकाणी नीट पार पडतं. पण निर्णय घ्यावा तो दुसऱ्याच प्रश्नावर: रात्री दोन वाजता मान फुगायला लागली, तर टाके उघडू शकणाऱ्या डॉक्टरपुढे पेशंट किती मिनिटांत पोहोचेल? याचं उत्तर घड्याळ लावून देता येत नसेल, तर त्या घरासाठी एक रात्र हॉस्पिटलात काढणंच बरोबर.

पुढची माहिती पेशंटसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्याच्यासोबत रात्रभर राहणाऱ्या माणसासाठी. गोळ्यांचे आकडे नेहमीच्या पद्धतीचे आहेत. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर वेगळं लिहिलं असेल तर कार्डच पाळा.

मानेत रक्त साठतं तेव्हा काय होतं

थायरॉइड ग्रंथी श्वासनळीच्या पुढे, तिला बिलगून असते. तिच्यावर स्नायूंचे पातळ पट्टे आणि त्यावर कातडी. ऑपरेशन संपताना हे पट्टे पुन्हा शिवतात, मग कातडी शिवतात. म्हणजे आत एक बंद कप्पा तयार होतो. या ग्रंथीला रक्तपुरवठा फार मोठा असतो. बांधलेली एखादी बारीक रक्तवाहिनी सुटली, तर बाहेर पडणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. असं बहुधा भुलीतून उठतानाच्या खोकल्यानं, उलटीनं किंवा चढलेल्या बीपीनं होतं.

या कप्प्यातला दाब वाढला की आधी शिरा चेपतात, कारण त्यांच्या भिंती मऊ असतात. धमन्या रक्त आणत राहतात, शिरांमधून ते परत जाऊ शकत नाही, आणि स्वरयंत्राच्या आतलं अस्तर सुजू लागतं. श्वासनळीला कूर्चेच्या कडी असतात, त्यामुळे ती सहजासहजी चेपत नाही. श्वास अडतो तो मुख्यतः या आतल्या सुजेनं. ही गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं उलगडतं. दाब काढल्याशिवाय नुसता ऑक्सिजन लावून भागत नाही. उशीर झाला तर घशातून नळी घालणंही अवघड होऊन बसतं. म्हणून पहिला उपाय टाके उघडून रक्ताला वाट करून देणं हाच.

"ड्रेन लावलाय, मग काळजी कसली?" असं बऱ्याच नातेवाइकांना वाटतं. ड्रेन म्हणजे आत साठणारं रक्त बाहेरच्या बाटलीत नेणारी नळी. तिच्यात रक्ताची गुठळी अडकली की ती बंद पडते. बाटली रिकामी आणि मान फुगलेली, असं होऊ शकतं. बाटलीपेक्षा मानेकडे बघा.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर असा रक्तस्राव शंभरात साधारण एक ते दोन जणांना होतो. त्यातले जवळपास निम्मे पहिल्या ६ तासांत कळतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेक २४ तासांच्या आत. थोडे त्यानंतरही होतात. म्हणजे ऑपरेशननंतर ६ तासांनी घरी निघालात, तर या धोक्याचा साधारण अर्धा हिस्सा घरी सोबत येतो. सगळा वाद इथेच आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं २०१३ मध्ये म्हटलं, की पेशंट नीट निवडले आणि परतीची सोय पक्की असली तर त्याच दिवशी घरी सोडायला हरकत नाही. ब्रिटनमधल्या थायरॉइड सर्जनांच्या संघटनेची २०१२ ची भूमिका सावध होती: धोका लहान आहे, पण झाला तर जीवावर बेततो, तेव्हा हा सरसकट पायंडा नको. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. आमचा कल असा: अर्धी ग्रंथी, सोपी गाठ आणि हॉस्पिटलजवळचं घर असेल तर त्याच दिवशी घरी. पूर्ण ग्रंथी काढली असेल तर एक रात्र हॉस्पिटलात, सकाळी कॅल्शियम बघून घरी.

कुणी थांबावंच

काही कारणं गळ्यातली असतात. मोठा गलगंड, छातीच्या हाडामागे उतरलेली ग्रंथी, आजूबाजूला पसरलेला किंवा मानेतल्या गाठी काढाव्या लागणारा कॅन्सर, आणि ग्रेव्हज आजार. ग्रेव्हजमध्ये थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करते आणि ग्रंथी रक्तानं तुडुंब भरलेली असते. जुन्या हाशिमोटोमुळे, म्हणजे थायरॉइडला दीर्घकाळ येणाऱ्या सुजेमुळे, ग्रंथी चिकटून बसलेली असेल, तर ती सोडवताना रक्त थांबवणं कष्टाचं जातं. पूर्वी एकदा मानेचं ऑपरेशन झालेलं असेल, तर आतले थर एकमेकांत मिसळलेले असतात. या सगळ्यांनी रात्र हॉस्पिटलात काढावी.

आवाजाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. थायरॉइडच्या मागून, दोन्ही बाजूंना, स्वरतंतू हलवणारी एकेक नस वर जाते. एका बाजूची नस दुखावली तर आवाज बसतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर स्वरतंतू मध्ये येऊन श्वासाची वाटच अरुंद होते. म्हणून ऑपरेशनआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्यावेत. आवाज अगदी ठणठणीत असूनही एक स्वरतंतू हलत नसल्याचं कधीकधी सापडतं. तसं असेल, तर त्याच दिवशी घरी जायचा विषय तिथेच मिटतो.

काही कारणं शरीराची असतात: आटोक्यात नसलेला हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार, डायलिसिस, फिट्स येणं, गरोदरपण, झोपेत घोरताना श्वास थांबणं, आणि बंद करता येत नाहीत अशी रक्त पातळ करणारी औषधं. बीपी अधूनमधून उसळत असेल तर आधी ते जागेवर आणा, मग तारीख घ्या.

आणि काही कारणं घराची असतात, जी फाइलमध्ये कुठेच लिहिलेली नसतात. एकटं राहणारी व्यक्ती, किंवा घरात फक्त दोघं आणि दुसऱ्यालाही ऐकू कमी येतं किंवा रात्रीचं दिसत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथा मजला. घरात गाडी आहे, पण रात्री चालवणारं कुणी नाही. ही माहिती डॉक्टरांना आपण होऊन द्यायला हवी. पेशंट अवघडून गप्प बसतात आणि डॉक्टर सगळं ठीक आहे असं धरून चालतात.

घर ते हॉस्पिटल: अंतर मोजून बघा

पुण्यात अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नाही. वाघोलीहून कर्वे रोडला रात्री दोनला लागणारा वेळ आणि संध्याकाळी सातला लागणारा वेळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या २४ तासांत संध्याकाळची आणि सकाळची, अशा गर्दीच्या दोन्ही वेळा येतात. म्हणून ऑपरेशनच्या आठवडाभर आधी, संध्याकाळी सात-साडेसातला, मोबाइलच्या नकाशावर घरापासूनची वेळ बघा. अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर रात्र हॉस्पिटलात काढा, किंवा जवळ राहणाऱ्या नातेवाइकांकडे मुक्काम करा.

भोर, वेल्हे, जुन्नर, पुरंदर अशा भागांतून येणाऱ्यांना हे आवर्जून सांगायचं: त्याच दिवशी डिस्चार्ज मिळाला तरी त्याच रात्री घाट ओलांडून गावी जाऊ नका. पावसाळ्यात तर नकोच. मावशीचं घर कोथरूडला आणि हॉस्पिटल एरंडवण्यात असेल, तर दोन रात्री मावशीकडे राहा. पूर्ण थायरॉइड काढली असेल तर तीन, कारण कॅल्शियम खाली जातं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

दुसरी गोष्ट म्हणजे घराजवळचं 'दुसरं' हॉस्पिटल. मान फुगली तर ऑपरेशन जिथे झालं तिथेच जायचं असा हट्ट महागात पडतो. घराच्या सगळ्यात जवळ, जिथे रात्रभर ऑपरेशन थिएटर चालू असतं आणि भूलतज्ज्ञ हजर किंवा लगेच येऊ शकतात, असं हॉस्पिटल कोणतं, ते आधी जाऊन विचारून ठेवा. कोपऱ्यावरच्या दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्री फक्त सिस्टर आणि निवासी डॉक्टर असतील, तर ते या कामाचं नाही.

तारीख घेताना पंचांगही बघा, मुहूर्तासाठी नव्हे, रस्त्यांसाठी. आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात, तेव्हा आणि अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाला मध्य पुण्यातले रस्ते तासन्‌तास बंद असतात. पेठांमध्ये राहणाऱ्यांनी हे दिवस टाळावेत, नाहीतर रात्र हॉस्पिटलात काढावी.

आधीचे दोन-तीन आठवडे

रक्त पातळ करणाऱ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी आणि वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात, पण हे हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय स्वतःहून करू नका. स्टेंट नुकताच बसवलेला असेल तर गोळी थांबवणंच धोक्याचं असतं. अशा वेळी ऑपरेशन पुढे ढकलता येईल का, हे आधी बघतात. यादीत सांध्यांसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल आणि काढेही लिहा. "ते काय औषध आहे का?" म्हणून हेच नेमकं राहून जातं.

मधुमेहाची 'फ्लोझिन'ने संपणारी गोळी, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी बंद करतात. ती चालू राहिली तर उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढू शकतं, साखर नॉर्मल दिसत असतानासुद्धा. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा, कारण त्यानं जठर उशिरा रिकामं होतं.

बीपीच्या गोळ्यांपैकी कुठली सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कुठली त्या दिवशी सोडायची, हे नावानिशी विचारा. सगळ्याच गोळ्या सोडल्या आणि टेबलावरून उतरताना बीपी १८० झालं, तर तीच रक्तस्रावाची सुरुवात ठरू शकते.

थायरॉइडचं काम वाढलेलं असेल, म्हणजे हायपर असेल, तर कार्बिमाझोलच्या गोळ्यांनी ते आधी आटोक्यात यायला हवं. ग्रेव्हजमध्ये बरेच सर्जन शेवटचे ७ ते १० दिवस आयोडीनचं द्रावण थेंबांनी देतात, त्यानं ग्रंथीतला रक्तप्रवाह कमी होतो.

पूर्ण ग्रंथी काढायची असेल तर ड जीवनसत्त्व तीन आठवडे आधी तपासून घ्या. पुण्यात ऊन भरपूर असलं तरी ऑफिसात आणि गाडीत दिवस जाणाऱ्यांचं ड बऱ्याचदा खालीच सापडतं. ते आधी भरून काढलं की ऑपरेशननंतर कॅल्शियम घसरायचा त्रास कमी होतो.

सर्जन निवडताना एक प्रश्न विचारायला संकोचू नका: "वर्षाला थायरॉइडची किती ऑपरेशनं करता?" अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींमध्ये वर्षाला २५ हून जास्त पूर्ण थायरॉइड काढणाऱ्या सर्जनांच्या हातून गुंतागुंत कमी झालेली दिसली आहे. त्याच दिवशी घरी जायचं असेल तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा.

ऑपरेशनचा दिवस

पहिला नंबर मागा. सकाळी आठ-साडेआठला टेबलावर गेलेल्या पेशंटचं अर्ध्या ग्रंथीचं काम साधारण दीड-दोन तासांत होतं. मग दहा-साडेदहापासून संध्याकाळी पाचपर्यंत मानेवर नजर ठेवता येते. दुपारी तीनला सुरू झालेलं ऑपरेशन त्याच दिवशी घरी पाठवण्याजोगं राहत नाही, तिथे आधीचं ठरलेलं मोडून रात्र थांबावं.

जेवण ६ तास आधी बंद. तळलेलं किंवा जड खाल्लं असेल तर ८ तास. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. चहात दूध असतं, म्हणून तो जेवणात धरायचा. मंगळसूत्र, चेन, कानातलं घरीच ठेवा. कपडे पुढून बटणं असलेले घाला, कारण डोक्यावरून कपडा काढताना मान ताणली जाते.

ऑपरेशननंतर मान झाकून ठेवू नका. ड्रेसिंग छोटं आणि शक्यतो पारदर्शक असावं. जाड पट्टी गुंडाळली की सूज दिसत नाही, आणि रक्त थांबवायला ती काही मदत करत नाही. डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश वर ठेवतात. वॉर्डात आल्यावर सिस्टरना विनम्रपणे विचारा: "टाके उघडायचा ट्रे कॉटपाशी आहे ना?" त्यात हातमोजे, कात्री, चिमटा आणि गॉज, इतकंच लागतं. जिथे हा ट्रे कॉटला टेकून असतो आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना तो वापरायचं शिक्षण दिलेलं असतं, तिथे थायरॉइडचे पेशंट सुरक्षित असतात. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये याविषयी आलेल्या मार्गदर्शक सूचनांचा मथितार्थ हाच आहे: श्वास अडत असेल तर थिएटरची वाट न बघता कॉटवरच कातडी आणि स्नायूंचे टाके उघडायचे.

डिस्चार्जच्या आधी काय काय झालेलं असावं? अर्धी ग्रंथी असेल तर किमान ६ तास नजरेखाली गेलेले. मान मऊ, दोन्ही बाजूंना सारखी. पेशंट उठून चाललेला, लघवी झालेली, मळमळ थांबलेली, दुखणं तोंडानं घेतलेल्या गोळीवर आटोक्यात. पाणी ठसका न लागता पिता येतंय. बीपी जागेवर. आणि सर्जननं, किंवा ऑपरेशनला हजर असलेल्या त्यांच्या सहकाऱ्यानं, स्वतः मान हातानं चाचपून पाहिलेली. फोनवर दिलेला डिस्चार्ज घेऊ नका. यातली एक जरी गोष्ट अडली तर थांबायचं, आणि त्यासाठी एक खाट रिकामी मिळेल ना, हे सकाळीच विचारलेलं असावं.

निघण्याआधी मोबाइलवर मानेचे तीन फोटो काढा: समोरून, डावीकडून, उजवीकडून, नीट उजेडात. रात्री "सूज वाढली का आधीपासूनच होती?" असा घोळ होतो, तेव्हा या फोटोंशी ताडून बघता येतं. डिस्चार्ज कार्डावर सर्जनचा, आणि ते उचलू शकले नाहीत तर दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर लिहून घ्या. हॉस्पिटलच्या रिसेप्शनचा नंबर या कामाला पुरत नाही.

घरी कारनं जा. रिक्षा खड्ड्यांतून हादरते, आणि दुचाकीवर मागे बसवणं तर नकोच. सीट बेल्ट लावायचा, मानेजवळ एक मऊ नॅपकिन घडी करून ठेवायचा.

पहिली रात्र

एक माणूस फक्त याच कामासाठी असावा, आणि तो त्याच खोलीत झोपावा. पाठीमागे दोन-तीन उशा ठेवून पेशंट अर्धवट बसता झोपेल असं करा. फोन चार्ज केलेला, गाडीची चावी दाराशी, कार्ड चावीसोबत. बाथरूमची कडी आतून लावायची नाही.

रात्री बारापर्यंत दर तासाला आणि नंतर दर दोन तासांनी बघा. झोपमोड होते म्हणून टाळू नका, एकच रात्र आहे. दिवा लावा, मान बघा, फोटोशी ताडा. पेशंटला एक ते वीस मोजायला लावा, आवाज आणि दम दोन्ही कळतात. घोटभर पाणी द्या, आवंढा सहज गिळता येतोय का ते बघा.

काय चालतं, तेही सांगायला हवं, नाहीतर रात्रभर जीव टांगणीला लागतो. घसा खवखवणं चालतं, कारण भुलीची नळी घशातून गेलेली असते. आवाज थोडा घोगरा किंवा थकलेला चालतो. टाक्याच्या वरच्या कडेला थोडी फुगी आणि दुसऱ्या दिवशी छातीकडे उतरलेला निळसर डाग चालतो. मान अवघडलेली वाटणं चालतं.

जेवायला मऊ भात, वरण, ताक, पेज. भाकरी, चिवडा दुसऱ्या दिवसापासून. उलटी थांबत नसेल तर फोन करा, कारण उमळून आलं की मानेतल्या शिरांवर ताण येतो. दोन-तीन आठवडे जड उचलणं नको, आणि कुंथायला लागू नये इतकं पाणी प्या.

मान फुगतेय असं वाटलं तर

सुरुवात बहुधा हळू होते. मान आवळल्यासारखी वाटते, सूज एका बाजूनं वाढते, हात लावला तर घट्ट लागते. थुंकी गिळताना त्रास होतो. आणि पेशंट बेचैन होतो: "कसंतरीच होतंय, जीव घाबरतोय, मला बसू दे." ही घबराट हे लक्षण आहे. तिला मनाचे खेळ समजून "काही नाही गं, झोप" म्हणणं ही या रात्रीतली सगळ्यात मोठी चूक. आडवं पडवत नाही, श्वास भरभर होतो, आत घेताना शीळ किंवा घरघर ऐकू येते, तोवर वेळ थोडा उरलेला असतो.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. श्वासाची वाट अरुंद होत असतानाही तो बराच वेळ ९७-९८ दाखवतो. आकडा खाली येतो तो अगदी शेवटी.

पेशंटला सरळ बसवा. तोंडानं काही देऊ नका. शेकायचं नाही, बर्फ लावायचा नाही, वर फडकं आवळायचं नाही. गाडी दारात असेल आणि चालवणारा तयार असेल, तर निघा. नाहीतर लगेच १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा मोफत आहे. वाटेत दुसऱ्यानं आधी ठरवलेल्या हॉस्पिटलला आणि सर्जनना फोन करावा. कॅज्युअल्टीत शिरताना पहिलं वाक्य हेच: "आज थायरॉइडचं ऑपरेशन झालंय, मान फुगतेय, श्वास अडतोय, टाके उघडावे लागतील." नाव, पत्ता, पैसे भरणं नंतर. हे वाक्य ऐकल्यावर पेशंट कुठल्या रांगेत बसायचा ते बदलतं. सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफीसाठी आडवं झोपवायला निघाले तर "आडवं झाल्यावर श्वास अडतो" हे ठामपणे सांगा. श्वास अडत असताना तपासणीआधी टाके उघडणं येतं.

नातेवाइकांनी घरी टाके कापू नयेत. ते काम कातडीखालच्या स्नायूंच्या थरापर्यंत जातं.

पूर्ण थायरॉइड काढली असेल तर: कॅल्शियम

थायरॉइडच्या पाठीला तांदळाच्या किंवा मसुराच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा हलतो आणि त्या काही दिवस किंवा आठवडे सुस्तावतात. कॅल्शियम सगळ्यात खाली जातं ते २४ ते ७२ तासांत, म्हणजे घरी पोहोचल्यावर. अर्धी ग्रंथी काढली असेल तर हा त्रास सहसा नसतो, कारण दुसऱ्या बाजूच्या दोन ग्रंथींना हात लागलेला नसतो.

ऑपरेशननंतर काही तासांनी पीटीएच हा पॅराथायरॉइड ग्रंथींचा हार्मोन रक्तात तपासतात. तो १५ पिकोग्रॅम प्रति मिली किंवा त्याहून जास्त असेल तर कॅल्शियम फार घसरण्याची शक्यता कमी असते. हा आकडा कार्डावर लिहून घ्या.

गोळ्यांमध्ये दोन घोटाळे नेहमी होतात. पहिला: १२५० मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलीग्रॅम असतं. पाकिटावर दोन्ही आकडे असतात, आणि डॉक्टर बोलतात तो बहुधा ५०० चा. दुसरा जास्त वाईट: कार्डावर कॅल्सिट्रिऑल लिहिलेलं असतं आणि दुकानातून ड३ च्या आठवड्याच्या गोळ्या मिळतात. दोन्ही 'व्हिटॅमिन डी'च ना, असं वाटतं. पण ड३ शरीरात कामाला येण्यासाठी मूत्रपिंडात बदलावं लागतं आणि त्या बदलाला पीटीएच लागतं, जे नेमकं कमी झालेलं असतं. कॅल्सिट्रिऑल हे बदललेलंच रूप असतं, ते लगेच काम करतं. बिल बघून नाव ताडून घ्या, आणि ही औषधं डिस्चार्जच्या आधी हातात असू द्या.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणानंतर घ्यायचं, कारण ते विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. पित्तासाठी पॅन्टोप्राझोल चालू असेल तर कार्बोनेट नीट लागू पडत नाही. अशा वेळी सायट्रेटची गोळी द्यायची का, ते विचारा. आणि चतुर्थी असो वा गुरुवार, या पंधरवड्यात उपवास नको. जेवण चुकलं की गोळी चुकते.

थायरॉक्सिनची, म्हणजे काढलेल्या ग्रंथीच्या हार्मोनची उणीव भरून काढणारी, गोळी आणि कॅल्शियम यांत ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर आतड्यात दोन्ही एकमेकांना धरून बसतात. घड्याळ असं लावता येतं: सकाळी ६ ला थायरॉक्सिन साध्या पाण्याबरोबर, ७ ला चहा, सकाळचं जेवण झाल्यावर ११ ला कॅल्शियम, दुपारी ४ ला काही खाऊन दुसरी गोळी, रात्रीच्या जेवणानंतर तिसरी. थायरॉक्सिनचा साधारण हिशोब किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे १०० मायक्रोग्रॅम.

ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणं ही कॅल्शियम घसरल्याची पहिली खूण. जादा किती गोळ्या घ्यायच्या ते कार्डावर आधीच लिहून घ्या. त्या घेऊन तासाभरात मुंग्या थांबल्या नाहीत, तर रक्त तपासायला जा. हाताची बोटं आपोआप आकसून चोचीसारखी होत असतील, पायात गोळे येत असतील किंवा छातीत धडधड असेल, तर थेट कॅज्युअल्टी गाठा. तिथे कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू, ईसीजी बघत देतात. घाबरून भरभर श्वास घेतल्यानंही मुंग्या येतात, पण घरच्या घरी हा फरक करायच्या भानगडीत पडू नका.

विम्याचं आधी बघा

मेडिक्लेममध्ये साधारणपणे २४ तास भरती लागते, आणि 'डे-केअर' म्हणून मान्य असलेल्या उपचारांना त्यातून सूट असते. तुमच्या पॉलिसीत थायरॉइडचं ऑपरेशन त्यात बसतं का, हे टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या संस्थेकडून, लेखी, ईमेलवर घ्या. हॉस्पिटलकडूनही विचारून ठेवा, की डे-केअर पॅकेज घेतलं आणि रात्र थांबावं लागलं तर बिल कसं होईल. हा हिशोब आठवडाभर आधी झाला की संध्याकाळी पाचला मान चाचपताना कुणाच्या डोक्यात पैशाचा विचार राहत नाही.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जनच्या माणसाचा फोन यायला हवा. आला नाही तर तुम्ही करा. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांनी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी कॅल्शियम तपासावं. अंघोळ कधी आणि टाके काढायचे की आत विरघळणारे आहेत, हे कार्डावर असतं. जखमेवर हळद, तेल काही लावू नका. मंगळसूत्र व्रण नीट भरल्यावर, आणि पहिले सहा महिने उन्हात जाताना व्रणावर ओढणी किंवा सनस्क्रीन हवं, नाहीतर तो काळवंडतो.

आवाज दोन आठवड्यांनंतरही बसलेला असेल तर स्वरतंतूंची पुन्हा दुर्बिणीनं तपासणी करून घ्या. आवाजाचे व्यायाम लवकर सुरू केले तर उपयोग जास्त होतो. अर्धी ग्रंथी राहिलेल्यांनी सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडचं काम पुरतंय का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासावं, कारण साधारण चार-पाचांतल्या एकाला पुढे थायरॉक्सिन लागतं. आणि काढलेल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट स्वतः हातात घ्या, फाइलला लावा. त्याच दिवशी घरी आलेल्या माणसाला सगळं आटोपलं असं वाटतं, आणि तो रिपोर्ट लॅबच्या खिडकीत पडून राहतो.